बन्सीमामांसाठी प्रार्थना, कारण विचारू नये

"रेश्मे, काम अडलं की मंडळीला प्रार्थना मागायची. लाजायचं न्हाई. आन् कारण सांगन्यासारखं नसंल तर सांगू नगं. ज्याला कळायचं त्याला कळतं!"

रेश्माच्या आईचे, छबूबाईंचे, हे बोल. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण रेश्माच्या कानात ते अजून टवटवीत होते. आणि आई म्हणाली त्यात काही खोटं नव्हतं. ज्याला कळायचं त्याला कळतंच! अडचण एवढीच झाली, की त्याच्याआधी ते सगळ्या सावेडी भागाला कळलं.

रेश्मानं जूनमध्ये शाळेची नोकरी सोडली आणि घरी बसून संपादनाचं काम सुरू केलं. चर्चच्या महिला मंडळात उठून तिनं सांगितलंसुद्धा, "देवानं मला यासाठीच बोलावलंय. लोकांचं लिखाण नीट करून देणं ही सेवाच आहे. बघाच तुम्ही, नाताळपर्यंत हाताला उसंत मिळणार नाही!"

उसंत भरपूर मिळाली. दोन लग्नपत्रिका आणि चर्चची एक स्मरणिका, एवढ्यावर दिवाळी आली. नवरा करण स्वभावानं गरीब, तोही एकदा जेवताना म्हणाला, "नाताळपर्यंत बघू. नाहीतर शाळेत जागा आहे म्हणतात."

रेश्माचे रोजचे नेम मात्र पक्के. पहाटे गुडघे टेकून ज्याचं लिखाण हातात आहे त्याच्यासाठी प्रार्थना करायची, मगच पेन उचलायचं. खोटं बोलायचं नाही. आणि कुणाच्या लिखाणाला तोंडानं नावं ठेवायची नाहीत. या शेवटच्या नेमानंच घात केला!

कारण बन्सीमामा आले. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, चर्चच्या पहिल्या बाकावरचे, आवाज भोंग्यासारखा. हातात कागदांचा गठ्ठा, एखाद्या बाळंतिणीनं बाळ धरावं तसा छातीशी धरलेला.

"माझं जीवनचरित्र हाय. अठ्ठावीस तारखेला लग्नाला पन्नास वर्षं होत्यात, त्या दिवशी लंकाच्या हातात ठिवायचं. पन तवर तिला वास लागता कामा न्हाई! आपल्यात शपथ न्हाई घेत, पन शब्द दे."

रेश्मानं शब्द दिला. गठ्ठा वाचला. आणि पलंगावर आडवी पडली.

निम्मं पुस्तक मामांच्या स्कूटरवर होतं! स्कूटरचा नंबर कसा लावला, ती कशी आली, पहिलं पंक्चर, दुसरं पंक्चर, नेवाशाच्या रस्त्यावर क्लचची वायर तुटली त्याचा एक अख्खा अध्याय. येशूला शिष्य मिळाले नसतील एवढे मेकॅनिक मामांना मिळाले होते, आणि प्रत्येकाची वंशावळ दिली होती!

स्कूटर काढायला हवी, हे मामांना सांगणं भाग होतं. रेश्मा तीनदा त्यांच्या घरी गेली. तीनदा लंकाबाईंचे शेंगदाण्याचे लाडू खाऊन आली. मामांनी "कसं वाटलं?" असं खुणेनं विचारलं की ती म्हणे, "अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं!" आणि प्रेसवाला तर फोनवर फोन करत होता.

शेवटी आई आठवली. मामांच्या घरी साधाच फोन होता, म्हणून रेश्मानं बिनधास्त चर्चच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं:

"बन्सीमामांसाठी मनापासून प्रार्थना करा. कारण सांगता येत नाही. वेळ फार थोडा आहे."

पाठवलं आणि हलकं वाटलं. ते हलकं वाटणं चहाला उकळी येईपर्यंत टिकलं. फोन वाजला. महिला मंडळाच्या पंकजाताई!

"रेश्मा, कुठल्या हॉस्पिटलात?"

"हॉस्पिटलात नाहीत ताई, घरीच आहेत."

"घरी पाठवलं? अरे देवा! म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले!"

"ताई, तसं नाही. पण मला बोलता येत नाही, मी शब्द दिलाय."

"लंकाबाईंना माहीत आहे का?"

"नाही!" रेश्मा ओरडलीच. "आणि त्यांना अजिबात कळू देऊ नका!"

पलीकडून हुंदका आला आणि फोन बंद झाला.

दुपारपर्यंत महिला मंडळाचा उपास सुरू झाला. तरुण संघानं शंभर खुर्च्या सांगून ठेवल्या. गायनमंडळानं मयतीत गायची स्वर्गाची गीतं सरावाला काढली, कारण त्यांतलं एक वरच्या पट्टीत लागत नव्हतं. नेवाशाचे भाचे जीप भरून निघाले. आणि संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब आजाऱ्याच्या कपाळाला लावायच्या तेलाची बाटली घेऊन मामांच्या दारात उभे राहिले, मागे सगळी मंडळी. सगळ्यांत मागे घामानं डबडबलेली रेश्मा.

मामा ओसरीवर स्कूटर पुसत होते. एवढी माणसं, हातात शहाळी, मोसंबी! लंकाबाई आत चहाला लागल्या. मामांनी रेश्माकडे बघून डोळे वटारले. या पोरीनं पुस्तकाची बातमी फोडली, दुसरं काय! पण लोक अभिनंदनाला आलेत म्हटल्यावर त्यांची छातीही फुगली.

पाळकसाहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. "बन्सीभाऊ, सगळं कळलंय आम्हाला."

"कळलं का? बरं झालं. लई दिवस पोटात ठिवलं हुतं."

"तयारी झाली मनाची?"

"तयारी झाली. शेवटचा हात फिरवायचा राह्यलाय फक्त."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

"भीती नाही वाटत?"

"भीती कसली? आनंदाची गोष्ट! फकस्त लंकाला येकदम सांगायचं."

"पण... साधारण कधी?"

"अठ्ठावीस तारखेला. सकाळी उपासना, दुपारी जेवान. अडीचशे मानसांचं मटन सांगितलंय."

"तुम्ही स्वतः सांगितलंत?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मंग! दुसऱ्याच्या भरवशावर ठिवलं तर रस्सा पानीदार व्हतो."

असा विश्वास सगळ्या मंडळीत कुणी पाहिला नव्हता. गायनमंडळानं तिथल्या तिथे गीत सुरू केलं. पंकजाताईंना राहवलं नाही. त्या आत धावल्या आणि लंकाबाईंच्या गळ्यात पडल्या, "वहिनी, धीर धरा! अठ्ठावीसपर्यंत तरी आहेत ते!"

आत कपबश्या फुटल्याचा आवाज झाला. लंकाबाई बाहेर आल्या त्या भिंतीला धरून. पन्नास वर्षं ज्या माणसाला ओरडून जेवायला बोलावलं, त्याच्याकडे त्या नुसत्या बघत उभ्या राहिल्या.

रेश्मापुढे दोन गोष्टी उभ्या राहिल्या. एकीकडे दिलेला शब्द, दुसरीकडे ही बाई. आणि जिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नसे, ती किंचाळली:

"मामा ठणठणीत आहेत! बिघडलंय ते त्यांचं पुस्तक! त्यातली स्कूटर काढायची आहे, आणि मला ते सांगता येत नव्हतं!"

गीत दुसऱ्या कडव्यात थांबलं. पाळकसाहेबांनी बाटली खिशात घातली.

मामा खुर्चीत बसले. मरणाची बातमी त्यांनी हसत ऐकवली होती, ही त्यांना सोसवेना. "स्कूटर काढायची?"

पण लंकाबाईंना भलतंच ऐकू आलं होतं. "पुस्तक? कुनासाठी?"

"तुज्यासाठी," मामा पुटपुटले.

लंकाबाईंनी डोळे पुसले. चेहरा कसा उजळला! "अगं बाई! रेश्मा, मी किती पानावर हाय गं?"

रेश्मानं वर पाहिलं, खाली पाहिलं. खोटं बोलायचं नाही, हा नेम होता.

"एका ओळीत, मामी."

"काय लिवलंय?"

"‘त्याच साली माझे लग्न झाले व स्कूटरचा नंबर लागला.’"

लंकाबाईंनी स्कूटरकडे पाहिलं. सवतीकडे पाहावं तसं.

"म्हंजी अर्धीच ओळ," त्या म्हणाल्या. "च्या घ्या सगळ्यांनी. गार व्हतोय." आणि आत गेल्या.

त्या आत गेल्या तशी मंडळी शहाळी तिथेच ठेवून पांगली. रेश्मा घरी येऊन करणला म्हणाली, "शाळेत अर्ज करते." ग्रुपवर त्यानं सगळं वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती गुडघ्यांवरून उठतेय तोच फाटक वाजलं. बन्सीमामा! धुतलेला सदरा, खांद्याला पिशवी.

"स्कूटर काढ," ते म्हणाले. त्यांचा आवाज एवढा बारीक होऊ शकतो हे तिला ठाऊकच नव्हतं.

"किती काढू, मामा?"

"सगळी. नंबर लागला तेवढं ठिव." मग पायाकडे बघत म्हणाले, "काल लंकाला शब्द दिला, ‘तुज्यावर अध्याय लिवतो’ म्हनून. बसलो लिवायला. तिला गानं येतं का, ल्हानपनी शाळेत गेल्ती का, कायच म्हाईत न्हाई! पन्नास वर्षांत इचारलंच न्हाई बघ. तिला आता इचारावं तर बोलंना. म्हनून अकोल्याला चाललोय, तिच्या भावाकडं."

"एवढ्या लांब? स्कूटरवर?"

"न्हाई बाई, यष्टीनं. तिच्यावर गेलो तर परत तीच पुस्तकात शिरंल."

आणि ते तारकपूर स्टँडच्या दिशेनं चालू लागले. रेश्मा फाटकाशी उभी होती. तेवढ्यात हातातला फोन किणकिणला. पंकजाताईंचा ग्रुपवर निरोप:

"बन्सीभाऊ पिशवी घेऊन एकटेच पहाटे कुठेतरी निघालेत. विचारलं तर कारण सांगत नाहीत. प्रार्थना सुरू केली आहे."

रेश्मानं खूप विचार केला. मग लिहिलं, "राहू द्या सुरू. या वेळी खरंच गरज आहे."

रस्त्याच्या टोकाला एक रिक्षावाला मामांजवळ थांबला. मामांनी हातानंच नको म्हटलं, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, आणि कोपऱ्यावरून वळले.