कंट्रोलची साखर

मी गुळव्या. उसाचा उकळता रस बघून पाक कधी झाला ते ओळखायचं आणि काहील उतरवायचा हुकूम सोडायचा, हे माझं काम. (शाळेत गुरुजींनी मला तिसरीतच उतरवलं, पण ते जाऊ द्या.)

लढाईचे दिवस होते. माझा साडू कोंडीबा सगळ्यांदेखत म्हणाला, "केरबा, काहील कंची आन तुझं प्वाट कंचं, वळखंना गड्या!"

झालं! मी न्याहारी बंद केली. सकाळी नुसता गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि कामाला लागायचं. खडा खाल्ला की मी घोडा! पण उन्हं वर आली की हात लटलटा कापायचे, दरदरून घाम फुटायचा, डोळ्यांपुढं काजवे. मग पुन्हा खडा, पुन्हा घोडा, पुन्हा काजवे.

एक दिवस काहिलीशेजारीच कोसळलो. कुणी धावून यावं? छे! गेल्या शिमग्यात मी मेल्याचं सोंग घेऊन साऱ्या गावाला रडवलं होतं. "ऊठ रं सोंगाड्या!" म्हणत कोंडीबानं माझ्या मिशीत चिपाड खोचलं. तरी हललो नाही, तेव्हा कुठं पळापळ झाली.

गुऱ्हाळाचे मालक नानासो. त्यांनी दम भरला, "परत पडलास तर काहिलीवर कोंडीबा उभा ऱ्हाईल. तू पाकात पडून मेलास तर माझा समदा गूळ वाया!"

बायको अंबूबाई मला सांगलीच्या डॉक्टरकडं घेऊन गेली.

"रक्तातली साखर एकदम चढते आणि धाडकन उतरते," डॉक्टर म्हणाले. "ती कंट्रोलमध्ये हवी. गूळ बंद."

वाटेत अंबूबाई म्हणाली, "ऐकलं न्हवं? गुळानं भागत न्हाई. कंट्रोलचीच साखर पायजे."

तेव्हा लढाईमुळं साखर, रॉकेल मिळायचं ते कंट्रोलच्या, म्हणजे सरकारी रेशनच्या दुकानात. बिचारी पलूसला रांगेत उभी राहिली, भांडली, एका बाईचं लुगडं फाडलं (असं ती बाई म्हणते), आणि साखर घेऊन आली. सकाळी पेलाभर पाण्यात ढवळून मला पाजली. सरकारी औषध! दुपारच्या आत मी आडवा. तोही नानासोंच्या अंगावर.

"संपलं! कोंडीबा, ये रं हिकडं!" नानासो खालूनच ओरडले.

"आवं नानासो, चार दिस तरी द्या," धावत आलेल्या अंबूबाईनं पदर पसरला.

पुन्हा सांगली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "बाई, कंट्रोल म्हणजे ताबा! दुकान नव्हे! न्याहारी चुकवायची नाही. भाकरी, उसळ, भाजलेल्या शेंगा, थोड्या थोड्या वेळानं थोडं थोडं खायचं."

"आन काम सोडू?" मी विचारलं.

"मुळीच नाही. भरपूर हिंडा, राबा. पण उपाशीपोटी नको."

अंबूबाईचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. ती गठुडं घेऊन काहिलीपाशीच ठाण मांडून बसू लागली. घटकाभरानं एक घास. "आ करा." सगळ्यांदेखत!

"केरबा, अंगाई बी म्हनू का रं?" कोंडीबा खिदळायचा.

पण गड्या, मी पडलो नाही. अख्खा हंगाम ताठ उभा होतो. अडचण एकच. पाक व्हायला आणि माझं तोंड भाकरीनं भरायला एकच गाठ पडायची. मी नुसता "उं! उं!" करून हात नाचवायचो. एकदा कुणालाच कळेना, तेव्हा अंबूबाईच खेकसली, "आरं, पाक झाला! उतरा काहील!" उतरली. गूळ पिवळाधमक निघाला. मग रोज तीच ओरडायला लागली. पुढं पुढं तर माझ्या "उं"च्या आधीच.

दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर नानासो हातात नारळ घेऊन आमच्या दारात हजर. मी घाईघाईनं फेटा बांधला, मिशीला पीळ दिला, दोन्ही हात पुढं केले. नानासो मला वळसा घालून आत गेले.

"अंबूबाई, औंदा काहील तुमी बगायची," म्हणत त्यांनी नारळ तिच्या पुढ्यात ठेवला.

"आन मी?"

"तू ये की रं. जेवायला."

त्या एकाच नारळात नानासोंनी दोन कामं उरकली. तिला काम दिलं, आणि मला नारळ.