पंधरावी बाटली

सेबियोच्या बायकोने फोनवर सहज एक वाक्य टाकलं आणि सेबियोने ते मनावर घेतलं. (मनावर घ्यायला त्याला फार मोठी वाक्यं लागत नसत. पाणीपुरवठा कार्यालयात साहेब नुसतं "बघू" म्हणाले, तरी त्याचं दोन दिवस जेवणावरून मन उडायचं.)

त्याची बायको रेमी हाँगकाँगला एका म्हातारीची देखभाल करायला होती. चार वर्षांत घरी आली नव्हती. एकदा तिकीट काढलं तर म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं. एकदा वादळ आलं आणि विमानं बंद पडली. एकदा म्हातारीच्या मुलीने रडून रडून थांबवलं. या नाताळला मात्र नक्की, असं तिने ऑक्टोबरातल्या एका रविवारी सांगितलं. आनंदाच्या भरात सेबियोने गावाकडच्या सगळ्या बातम्या देऊन टाकल्या. रस्ता रुंद झाला, त्यात दारातला आंबा गेला, शेजारच्या बेर्तोने घरावर मजला चढवला, आपल्या घराला हिरवा रंग दिला. मग रेमी म्हणाली, "म्हणजे आता मला माझं घर ओळखूसुद्धा येणार नाही म्हण की."

म्हणाली हसतच. पण त्या हसण्याच्या शेपटाला जो श्वास होता, तो सेबियोच्या कानात अडकून बसला. त्याने त्याच दिवशी ठरवलं की दारावर असा पारोल टांगायचा, की तळ्याकडच्या वळणावरूनच तिला कळावं, हे आपलं घर.

आता पारोल म्हणजे नाताळची चांदणी, आणि चांदण्या तर गावात सप्टेंबरपासूनच घरोघर लागतात. विकतची लावली तर चाळिसात एकेचाळिसावी. तेव्हा ती स्वतः करायची, आणि घरातल्याच टाकाऊ वस्तूंची करायची.

टाकाऊ वस्तूंना त्या घरात तोटा नव्हता, कारण सेबियोने चार वर्षांत काही टाकलंच नव्हतं. रेमी सहा महिन्यांनी एक मोठं खोकं पाठवायची. साबण, कॉफी, चॉकलेटं, डबाबंद मांस आणि अंगाला लावायच्या मोगऱ्याच्या लोशनच्या बाटल्या. प्रत्येक वस्तूवर तिने मार्करने ज्याचं त्याचं नाव लिहिलेलं असायचं. वस्तू संपायची, पण तिचं अक्षर कचऱ्यात कसं टाकायचं? म्हणून रिकाम्या बाटल्या, डबे, बरण्या पलंगाखाली जमत गेल्या. पलंगाखालची जागा संपल्यावर त्या कपाटात शिरल्या आणि सेबियोचे कपडे खुर्चीवर आले. रेमीची आई, नानाय फेलिंग, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "माझी मुलगी तिकडे गेली आणि जाताना एक भंगारवाला माझ्या गळ्यात बांधून गेली."

पहिल्या आठवड्यात सेबियोने बंद पडलेल्या पंख्याची गोल जाळी काढली. ती गंजलेली निघाली, म्हणून चालू पंख्याची काढली. तो चालू पंखा नानायच्या खोलीतला होता. (ही गोष्ट नानायना पंख्यात गेलेल्या त्यांच्या ओढणीने कळवली.) त्यानंतर चांदणीच्या शेपट्यांसाठी घरातले चमचे गेले. नानाय तीन दिवस सूप वाटीला तोंड लावून पीत होत्या आणि प्रत्येक घोटानंतर जावयाकडे बघत होत्या.

खरी पंचाईत बाटल्यांची झाली. चांदणीला पाच हात, एका हाताला तीन बाटल्या, म्हणजे पंधरा हव्या होत्या. लोशनच्या रिकाम्या बाटल्या निघाल्या चौदा. त्यांतल्या नऊंवर नानायचं नाव, दोन बाटल्यांवर पाद्रीबाबांचं (ते लोशन पाद्रीबाबांपर्यंत का पोचलं नाही, ते नानायना विचारावं), दोन बाटल्यांवर सेबियोचं, आणि एकीवर "ब्राउनी" असं कुत्र्याचं.

पंधरावी बाटली होती, पण ती भरलेली होती. दोन वर्षांपूर्वी आलेली. तिच्यावर लिहिलं होतं, "सेबियो, रोज लाव." सेबियोने ती एक दिवसही लावली नव्हती. दर रविवारी चर्चहून आला की तो कपाट उघडायचा, बाटलीचं झाकण फिरवायचा, डोळे मिटून एक श्वास घ्यायचा आणि झाकण घट्ट बसवून बाटली परत ठेवायचा. लावून संपवली असती तर पुढच्या रविवारी काय केलं असतं?

पण ज्या दिवशी ती स्वतः दारात येणार, त्या दिवशी बाटलीत कोंडलेल्या वासाचं काय करायचं, असा विचार करून एका शनिवारी दुपारी त्याने काळीज घट्ट केलं आणि बाटली पातेल्यात उलटी केली. टाकून द्यायला मात्र हात होईना. पातेल्यावर झाकण ठेवून, ते ओट्यावरच सोडून, तो बाटली घेऊन अंगणात गेला.

त्याच दुपारी नानाय जपाला चर्चमध्ये जाताना त्याला किसलेला नारळ देऊन बजावून गेल्या होत्या की मी येईपर्यंत दूध पिळून ठेव. नारळ पिशवीतच राहिला. नानायच्या उजव्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, डोळ्यांना काळा चष्मा. परत येऊन त्यांनी पातेल्याचं झाकण उचललं. आत पांढरंशुभ्र, दाट. जावई आयुष्यात एकदा तरी सांगितल्या कामाला जागला, म्हणून त्यांनी क्रूसाची खूण केली आणि ते सगळंच्या सगळं फणसाच्या भाजीत ओतलं. वर सुकट आणि चार मिरच्या.

सेबियो अंगणात तारा वळत होता. अचानक मोगऱ्याचा वास आला. खोकं फोडल्यावर पहिल्या क्षणी यायचा तसा, पण त्याच्या दसपट. ओढणीसारखा अंगावरून गेला. त्याच्या हातातली पक्कड पडली. रेमी आली, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. सांगितलेल्या तारखेच्या महिनाभर आधी, न कळवता, मागच्या दाराने. तो हाताला चिकटलेल्या बाटलीसकट (डिंक ओला होता) स्वयंपाकघरात धावला.

तिथे रेमी नव्हती. नानाय होत्या, हातात पळी होती आणि कढईतला फणस फेसाळून काठावर आला होता. ब्राउनी एकदाच हुंगून बेर्तोकडे निघून गेला.

"हे दूध कुठल्या नारळाचं?" नानायनी विचारलं.

सेबियोने खाली मान घालून सगळं सांगितलं. बाटलीचं सांगितलं, त्यात रविवारचंही सांगून बसला. आता पळी डोक्यात पडणार म्हणून त्याने डोळे मिटले. पळी पडली नाही. डोळे उघडले तर नानायनी चष्मा काढला होता आणि त्या बाहीने डोळे पुसत होत्या. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं, हे बोलायचं त्याला धैर्य झालं नाही. तो गॅस बंद करायला पुढे झाला.

"राहू दे," नानाय म्हणाल्या. "उकळू दे थोडं."

मग सासू आणि जावई टेबलाशी समोरासमोर बसले. कढई रटरटत होती. घरभर रेमी होती. पडद्यांत, भांड्यांत, तिच्या रिकाम्या खुर्चीच्या आसपास. फणस तळाला लागला आणि मोगऱ्यात करपटाचा वास मिसळला, तेव्हा नानाय उठल्या. रात्री दोघांनी भात आणि उकडलेलं अंडं खाल्लं. जेवण झाल्यावर नानाय आपल्या खोलीतून तीन बाटल्या घेऊन आल्या. तिन्ही न फोडलेल्या. उशीखाली ठेवलेल्या असायच्या.

"आधी विचारायचं होतंस," त्या म्हणाल्या. "मूर्खा."

तेव्हापासून त्याही कामाला लागल्या. बरण्यांच्या झाकणांना भोकं पाडणं आणि सेबियोची चूक काढणं ही दोन्ही खाती त्यांच्याकडे आली. डिसेंबरात पारोल दारावर चढला. पुरुषभर उंचीचा, पाच हातांचा, चमच्यांच्या शेपट्यांचा. दिवे लागले की बाटल्यांच्या आतून लाल-हिरवा उजेड यायचा आणि रेमीच्या अक्षरातली नावं अंधारात तरंगायची. बेर्तोच्या मुलीने फोटो काढून फोनवरून जगभर पाठवला. शेजारच्या गावांतून माणसं येऊ लागली, पाठोपाठ आइस्क्रीमवाला, भाजक्या मक्यावाला, फुगेवाला. पाद्रीबाबाही येऊन गेले आणि आपलं नाव असलेल्या दोन बाटल्यांकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

रेमी बावीस तारखेला येणार होती. विमानतळावर येऊ नकोस, आईला एकटं ठेवू नकोस, मी बसने येते, असं तिने निक्षून सांगितलं होतं. सेबियो तिला एवढंच म्हणाला होता, "वळणावर आलीस की वर बघ." बाकी काही फोडलं नव्हतं.

त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून पाचपासूनच शिडीवर होता. एक बाटली सैल झाली होती. खाली गर्दी एवढी, की रस्ता दिसेना. मध्येच नानायनी दारातून दोनदा हाक मारली. त्याने न वळताच हाताने "नंतर" असं केलं. साडेसहाला दिवे लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेबियो शिडीवरूनच वळणाकडे मान उंचावून राहिला. एक बस आली. दुसरी आली. पोतं घेतलेली बाई दिसली, बॅगवाली दिसली, रेमीसारखी चालणारीही एक दिसली. सात वाजले. म्हातारीचं आणखी एखादं हाड मोडलं असेल का, असं मनात येऊन त्याला स्वतःचीच लाज वाटली. साडेसातला नानाय पुन्हा दारात आल्या.

"जेवायला ये. ती झोपली."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझी बायको."

रेमी साडेपाचलाच आली होती. स्टँडवर तिने तीनचाकीवाल्याला पाणीपुरवठ्यातल्या युसेबियोचं घर विचारलं, तर त्याला माहीत नव्हतं. हिरवं घर म्हटलं, तेही नाही. मग एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो बाटल्यांचा येडा होय? पुढून त्याच्यापायी रस्ता बंद असतो, मागून नेतो. अशी ती स्वयंपाकघराच्या दाराने घरात आली, आईच्या गळ्यात पडली, भात खाल्ला, आणि त्याला कामात कशाला अडवायचं, मिनिटभर पाठ टेकते, म्हणून आडवी झाली.

सेबियो पाय न वाजवता खोलीत गेला. ती कुशीवर झोपली होती, पायांत बूट तसेच. केस कानांपाशी पांढरे झाले होते. फोनवर ते कधी दिसले नव्हते. गालाखालचा हात त्याने पाहिला. घरादाराला लोशन पाठवणारीचे हात धुणी-भांडी करून फुटले होते. त्याने हळूच तिचे बूट काढले आणि पलंगाच्या कडेला बसला. चार वर्षांत साठवलेली पुष्कळ वाक्यं होती. त्यांतलं पहिलं कोणतं, हे ठरेना. खिडकीतून लाल उजेड यायचा, मग हिरवा, मग पुन्हा लाल. रेमीने डोळे उघडले. त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि त्याचा हात हातात घेतला.

"सेबियो," ती म्हणाली, "ते बाहेर काय लुकलुकतंय, ते बंद कर ना. तास झाला, डोळ्याला डोळा लागत नाही."

सेबियो उठला आणि त्याने प्लग ओढला. रस्त्यावरून शंभरेक माणसांचा "अरेरे" ऐकू आला. फ्यूज उडाला का, असं बेर्तोने ओरडून विचारलं.

"नाही," नानाय दारातून म्हणाल्या. "बायको आली."