डॉमनिककाकांचा कंट्रोल

नाताळात डॉमनिककाका केक करायचे, तेव्हा शेजारी एक लहान केक मुद्दाम बिनसाखरेचा असायचा. तो खायला आम्हा शेजारच्या पोरांना बोलावणं यायचं. "तुलनेला कंट्रोल नको का?" काका म्हणायचे. "साखरेनं नेमकं काय केलं, ते कळणार कसं?" आम्ही निमूट गिळायचो, कारण त्याशिवाय गोड केक मिळत नसे. आता जूचंद्रच्या फ्लॅटमध्ये बेकरीचा केक कापताना तो बेचव तुकडा फार आठवतो.

सांडोरला त्यांची वाडी आमच्या कुंपणाला लागून. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत काकांनी उमेदीची वर्षं एका अँटीबॉडीपायी घालवली. आपल्या नसांवर, विजेच्या वायरीवर असतं तसं वेष्टण असतं. त्यातलं एक प्रथिन शोधून ही अँटीबॉडी त्याला चिकटायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली तेवढंच हिरवं चमकायचं. जोडीला काका ते प्रथिन नसलेला तुकडाही तपासायचे. तोही चमकला, तर अँटीबॉडी बाद. "नसलेलं दाखवते ती काय कामाची?"

निवृत्तीनंतर हा कायदा वाडीत आला. केळींच्या एका ओळीला खत, दुसरीला नाही. काकांची बायको सेसिलियाकाकू राजोडीची, कोळ्याघरची. ती वैतागायची, "एका केळीला जेवन, दुसरीला उपास?"

मग काकूच्या पायांची संवेदना जाऊ लागली. डॉक्टर म्हणाले, नसांवरचं वेष्टण झिजतंय. काकांचं तेच वेष्टण. औषधं चालू होती, गावातल्या एकीनं तेलही दिलं. काका ते फक्त उजव्या पायाला चोळायचे. डावा कंट्रोल. मला हसू यायचं आणि संतापही. रोज संध्याकाळी ओट्यावर काकू डोळे मिटून बसायची, काका उजव्या पायाला कापसाचा बोळा लावून विचारायचे, "कळलं?"

"कळलं," काकू म्हणायची. काका भेटेल त्याला सांगायचे, उजवा सुधारतोय.

एकदा मी तिथंच बसलो होतो. काकांच्या मनात काय आलं कोण जाणे, बोळा त्यांनी खिशात टाकला आणि पायाला काहीच न लावता विचारलं, "कळलं?"

"कळलं की. कालच्यापेक्षा बरा हाय. तुमी उगाच काळजी करता."

काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मलाही तिथून उठून जावंसं वाटलं. त्यांनी तेलाची वाटी ओढली, उजवा पाय चोळला, मग डावा मांडीवर घेऊन हळूहळू चोळू लागले. काकूला त्याचा पत्ताच नव्हता. डोळे उघडल्यावर तिनं पाहिलं.

"आज डाव्याला पन?"

"हो," काका म्हणाले. "उजव्याला गुण आलाय ना."