दत्ताकाका, ठकी आणि ससे

दत्ताकाका आमच्याकडे जेवायला आले की बरोबर जिलबी वाढायच्या वेळी ताटावरून उठतात. हात धुतात, कोट चढवतात आणि "छान झालं, येतो" म्हणून चालू लागतात. पहिल्यांदा मला वाटलं, आमटीत काहीतरी चुकलं. दुसऱ्यांदा नवऱ्याला वाटलं, आपण क्रिकेटवर जरा जास्तच बोललो. तिसऱ्यांदा मी त्यांना दारातच अडवलं, तर शांतपणे म्हणाले, "अगं, कुत्र्याला अजून पळावंसं वाटतंय तोवरच पट्टा लावायचा असतो. जेवणाचंही तेच."

हे कळायला काकांची थोडी ओळख हवी. मूळचे सांगलीचे. तरुणपणी इकडे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला मोटारींच्या कारखान्यात लागले, तिथूनच रिटायर झाले आणि इथेच राहिले. आमची आणि त्यांची भिंत एक. मालतीकाकूंना जाऊन बरीच वर्षं झाली, आम्ही त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. घरात आता काका आणि ठकी व बंड्या ही दोन बीगल कुत्री. आणि केकमध्ये अंडं आहे का हे विचारल्याशिवाय तुकडा न मोडणारे हे काका दर हिवाळ्यात ही कुत्री घेऊन सशांच्या शिकारीला जातात.

कुत्री लावून कोल्हे मारायला कायद्याने बंदी आली, तेव्हा मी मोठ्या आशेने पेपर घेऊन त्यांच्याकडे गेले होते. काका मान वर न करता म्हणाले, "ते कोल्ह्यांचं. ससे चालतात. जमीनमालकाची परमिशन पाहिजे फक्त." ती त्यांनी गावाबाहेरच्या जॉन नावाच्या शेतकऱ्याकडून केव्हाच घेतली होती. ससे पीक खातात म्हणून त्यानेही आनंदाने दिली होती. पण इतक्या वर्षांत काकांच्या कुत्र्यांनी एकही ससा धरलेला नाही. ससा बिळात शिरला की काका "शाब्बास" म्हणतात. ते कुत्र्याला की सशाला, हे विचारायची सोय नाही. जॉन मला एकदा म्हणाला, तुझे अंकल यायला लागल्यापासून माझे ससे फार फिट झालेत.

शिकारीत कुत्री किती वेळ पळवायची, या एका विषयात मात्र काकांचा हात कोणी धरू शकणार नाही. "किती तास?" असं विचारलं की चिडतात. "घड्याळ काय बघतेस? जीभ बघ." जीभ टोकाशी रुंद होऊन चमच्यासारखी वळली की कुत्रं तापलं. शेपूट खाली आली, भुंकण्यातला जोर गेला, म्हणजे उशीरच झाला. उन्हाळाभर लोळलेलं कुत्रं सीझनच्या पहिल्या दिवशी अर्ध्या तासात घरी आणायचं. मग पाय तयार झाले की तास, दीड तास. जमीन गोठलेली असेल तर त्याहून कमी, कारण पंजे सोलवटतात. दुसऱ्या दिवशी सक्तीची सुट्टी. "बीगल स्वतःहून थांबत नाही गं. वास लागला की पडेपर्यंत धावेल. ते सांगणार नाही, आपण बघायचं."

हा नियम काका माणसांनाही लावतात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या आत पसार. फोनवर गप्पा रंगात आल्या की "बरं, ठेवतो." मँचेस्टरला मुलाकडे जातात ते दुसऱ्या दिवशी परत. "सून म्हणाली, अजून राहा. म्हटलं, निघायची वेळ झाली." मंडळात त्यांना तुसडे म्हणतात. काकांना ते माहीत आहे आणि त्याचं त्यांना काही नाही.

दोन वर्षांपूर्वी ठकीचं हृदय अधू झाल्याचं व्हेटने सांगितलं. पळणं बंद. काकांनी तिला घरी ठेवून एकट्या बंड्याला न्यायला सुरुवात केली, तर तिचं रडणं आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मग तिने खाणं सोडलं. दहीभात तिचा जीव की प्राण, त्यालाही तोंड लावेना. शेवटी काका आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"रविवारी तिला एकदा नेतो. व्हेट म्हणतो, थोडाच वेळ, आणि जपून. तू चल बरोबर. तिची जीभ तू बघ. या वेळी मला दिसायची नाही."

रविवारी सकाळी आम्ही तिघं जॉनच्या शेतात उतरलो. ठकीने कुंपणाकडेला नाक लावलं आणि तिचा तो लांबलचक सूर काढला. एक ससा उठला, त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि फारशी घाई न करता निघाला. ठकीही त्याच बेताने मागे. ससा बिळात गेला, तशी ती बिळाच्या तोंडाशी नाक खुपसून आडवी झाली. तिची जीभ बाहेर लोंबत होती, टोकाशी चांगलीच रुंद झालेली.

"काका, जीभ."

"बघितली."

पण त्यांनी खिशातून पट्टा काढलाच नाही. ओल्या गवतात तिच्याशेजारी बसले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मला त्या क्षणी ठकीपेक्षा त्यांचीच काळजी वाटायला लागली.

"मालती कधी थकले म्हणाली नाही," ते म्हणाले. "मला गप्पांचा नाद. कोणाकडेही गेलो की शेवटचा माणूस उठेपर्यंत बसायचो. ती आपली कोपऱ्यात हसत बसलेली. दुखणं आत होतं, ते आम्हाला दोघांनाही नंतर कळलं. पण थकवा चेहऱ्यावर दिसत असणारच ना. मी बघितलंच नाही कधी."

इतकी वर्षं ज्या उठून जाण्याला आम्ही हसत होतो, त्याचं आता मला हसू येईना. या माणसाबद्दल फार माया वाटली.

ठकीचा श्वास शांत झाल्यावर काकांनी तिला कोटात गुंडाळून उचललं. मी घेते म्हटलं, तर दिली नाही. आम्ही हळूहळू गाडीपर्यंत आलो आणि तेवढ्यात फाटकाशी एक लहानसा ससा आडवा गेला. कोटातून ठकीचं डोकं वर आलं. काकांच्या कानाशीच तिने जो सूर लावला, तो थांबेचना.

मी गाडीचं दार उघडलं. "काका, बसा ना, गारठाल दोघंही."

काका जागचे हलले नाहीत. ससा केव्हाच दिसेनासा झाला होता.

"थांब जरा," ते म्हणाले. "तिचं होऊ दे."