हजार वॅटचा दिवा आणि बाळयेशूचं नाक

"दिवा जवळ आणा, एर्मिनियाबाई! अजून जवळ! उजेडाला काय घाबरता? सावलीला घाबरा!"

फाबियान सरांचा हा आवाज सहा महिने माझ्या कानात मुक्कामाला होता. सर माझ्या धाकट्या मुलाहून लहान. दाढी अजून नीट जमलेली नाही, पण शिकवायला बसले की बिशपसारखे बोलतात. आमच्या चोलुला गावच्या सांस्कृतिक केंद्रात त्यांनी 'फिल्म करायला शिका, मोफत' असा कागद चिकटवला आणि आम्ही सतरा जणांनी नावं घातली. शेवटी दोघं उरलो. एक मी, शिवणकाम करणारी, आणि दुसरे नाबोरभाऊ, निवृत्त पोस्टमन. बाकीचे पंधरा हुशार होते. वेळेवर सोडून गेले.

पण मला सांगा, मी का सोडू? मला तर फिल्म येतच होती! पस्तीस वर्षं मी कापड कापते आणि जोडते. फिल्मचं तरी वेगळं काय असतं? कापायची आणि जोडायची. आणि उजेडाचं म्हणाल, तर रोज पहाटे देवापुढे मेणबत्ती लावणाऱ्या बाईला उजेड काय शिकवायचा! परीक्षेसाठी आम्हा दोघांना मिळून पाच मिनिटांची फिल्म करायची होती. मी सरांना म्हणाले, "एका दुपारचं काम आहे." मी हळू बोलते, त्यामुळे माझा गर्व लोकांना ऐकू येत नाही. असतो मात्र.

विषयही घरातलाच निवडला. दोन फेब्रुवारीला कांदेलारियाचा सण. त्या दिवशी घरोघरचे बाळयेशू, म्हणजे तान्ह्या बाळाएवढ्या मूर्ती, नवे कपडे घालून चर्चमध्ये जातात, आणि आमच्या गल्लीतले निम्मे कपडे माझ्या मशीनवर शिवले जातात. फिल्ममध्ये दाखवायचं काय, तर शिंपीण बाळयेशूला नवा झगा घालते. बस. साधं, सोपं, भक्तीचं.

बाळ मात्र मी साधं निवडलं नाही. तिथेच चुकलं. आमच्या गल्लीतल्या थोरल्या बाई म्हणजे डोन्या तोमासा; त्यांचा बाळयेशू गल्लीत सर्वांत जुना. अस्सल मेणाचा, काचेच्या डोळ्यांचा, त्यांच्या सासूच्या आजीपासून चालत आलेला. एक तारखेला सकाळी त्या स्वतः शालीत गुंडाळून त्याला घेऊन आल्या.

"एर्मिनिया, उद्या चर्चमध्ये दहाच्या मिस्साला मला हा हवा. आज आहे तस्सा!"

"आहे तस्सा, डोन्या तोमासा. नवा झगा तेवढा जास्त."

"माझी सून म्हणत होती, सिनेमावाल्यांना देव देऊ नका म्हणून. मी म्हटलं, सिनेमावाली कसली? आपली एर्मिनिया आहे ती. तिच्या हातून कधी टाका चुकला नाही."

त्या गेल्या. आम्ही मशीनच्या टेबलावर बाळाला निजवलं. नाबोरभाऊंनी केंद्रातला जुना, हजार वॅटचा दिवा आणला होता. हा दिवा लावला की शेजारच्यांचा कोंबडा आरवतो, इतका त्याचा उजेड! पहिल्यांदा पाहिलं तर बाळाच्या हनुवटीखाली सावली.

"सावली," नाबोरभाऊ म्हणाले.

"जवळ आणा," मी म्हणाले.

"अजून आहे."

"अजून आणा."

दिवा इतका जवळ आला की मलाच घाम फुटला. पण काय सांगू! गाल कसे गुलाबी, डोळ्यांत दोन चांदण्या. मी सुई ओवली, नाबोरभाऊंनी कॅमेऱ्याचं बटण दाबलं, आणि त्याच क्षणी चर्चची बाराची घंटा झाली.

आता बाराची घंटा झाली की हातातलं काम टाकायचं, गुडघे टेकायचे आणि डोळे मिटायचे, हा माझा तीस वर्षांचा नेम. नाबोरभाऊंनीही हॅट काढली आणि माझ्या शेजारी टेकले. बाराची प्रार्थना तशी छोटीच. पण त्या दिवशी मी तिला थोडी पुरवणी जोडली. नाबोरभाऊंच्या गुडघ्यासाठी एक, सरांच्या दाढीसाठी एक, आणि शेवटी अगदी मनापासून, 'हे देवा, आमच्या फिल्ममध्ये असं काहीतरी होऊ दे, की बघणारा बघतच राहील!'

डोळे उघडले. आणि मी बघतच राहिले.

बाळाचं नाक वरच्या ओठावर आलं होतं! उजवा गाल उशीकडे निघाला होता. एकूण चेहरा असा, की दाढ दुखणारा एखादा आजोबा वरात बघायला खिडकीत आलाय!

"आई गं!" नाबोरभाऊ म्हणाले, आणि त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर हॅट घालून बाळावर फुंकर मारली. त्या फुंकरीने नाक आहे तिथेच घट्ट झालं!

मी दिवा विझवला. बाळाला शालीत गुंडाळलं. पुएब्लाच्या बाजारात बाळयेशू दुरुस्त करणारे कारागीर बसतात, दुपारी एकला दुकान बंद करतात. मी धावत कोपऱ्यावर गेले आणि पुएब्लाला जाणाऱ्या कोम्बीत चढले. कोम्बी म्हणजे आमच्याकडची सहा आसनी गाडी, जिच्यात बारा जण बसतात आणि तेरावा तक्रार करतो.

"दादा, लवकर चला हो," मी ड्रायव्हरला म्हणाले. "बाळाचा चेहरा भाजलाय. माझाच दोष. मीच दिवा जवळ धरला. एकच्या आत पोचलं नाही तर संपलं सगळं!"

एवढं बोलले, मागे बसले आणि पिशवीतून जपमाळ काढली. इथे तुम्हाला माझा दुसरा नेम सांगायला हवा. माळ सुरू केली की पाचही दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाचही फेरे, संपेपर्यंत प्रार्थनेखेरीज एक शब्द बोलायचा नाही. आईच्या आजारपणात धरलेला नेम आहे, कधी मोडलेला नाही. भूकंपातसुद्धा मोडला नाही. मी क्रूसाची खूण केली, डोळे अर्धे मिटले आणि 'नमो मरिये' सुरू केलं.

सगळ्यांच्या माना माझ्या शालीकडे वळल्या. मग माझ्या शेजारची बाई, तिच्या मांडीवर सणाचे तामाले गुंडाळून वाफवायला आणलेला मक्याच्या पाल्याचा भारा, हळूच म्हणाली, "बाळ रडत का नाही?"

समोरचा गृहस्थ म्हणाला, "रडायच्या पलीकडे गेलं असेल."

"अहो बाई, श्वास घेतंय ना?"

मी मान हलवली. नाही म्हणून. खोटं कसं बोलू?

मग काय विचारता! पाल्याच्या बाईने भारा फेकला आणि किंचाळली, "ड्रायव्हर! आधी दवाखाना! पुएब्ला गेलं खड्ड्यात!"

"मला चौकात उतरायचंय!" मागून कोणीतरी म्हणालं.

"तुला माणुसकीतून उतरवू का आधी?"

ड्रायव्हरने गाडी अशी वळवली की आम्ही बाराही जण एका खिडकीशी गोळा झालो. मी हात हलवून सांगायचा प्रयत्न केला, की तसं काही नाही, थांबा, अजून चार दशकं आहेत, मग सांगते. चार बोटं दाखवली.

"चार?" तो गृहस्थ पांढरा पडला. "चार पोरं भाजली?"

"बाकीची तीन घरी आहेत का हो, बाई?"

मी जोरजोरात मान हलवली.

"घरीही नाहीत! देवा!"

सरकारी दवाखान्याच्या दारात गाडी थेट पायरीवर चढली. ड्रायव्हर हॉर्न वाजवतच उतरला. दोन परिचारिका ढकलगाडी घेऊन धावल्या, एक डॉक्टर हातमोजे चढवत आला. माझ्या हातातून शाल काढून घेतली गेली. मी तेव्हा पाचव्या दशकाच्या सातव्या मण्यावर होते.

डॉक्टरने शाल उघडली. एक परिचारिका मटकन खाली बसली. दुसरीने क्रूसाची खूण केली. डॉक्टर वाकून बघत राहिला.

"हे... किती वेळापासून असं आहे?"

"आमेन," मी म्हणाले. माळेचं चुंबन घेतलं, पिशवीत ठेवली. "डॉक्टर, मेणाचा आहे हो."

मागे अकरा प्रवासी दारात दाटीने उभे होते.  मग पाल्याची बाई हसत सुटली, इतकी की तिला पाणी द्यावं लागलं. ड्रायव्हर पायरीवर बसून डोळे पुसत होता. "तीन सिग्नल तोडले, बाई! तीन! माझ्या बायकोच्या बाळंतपणातसुद्धा एकच तोडला होता!"

"मला क्षमा करा," मी म्हणाले. "माझा नेम आहे."

"तुमच्या नेमाने माझे दोन नेम मोडले," डॉक्टर म्हणाला, "हसायचं नाही आणि जेवण सोडून पळायचं नाही, हे दोन्ही!" पण पुएब्लाचं दुकान एकला बंद होतं हे मी सांगितलं, तसा घड्याळ बघून गंभीर झाला. "आता पुएब्ला तर तुम्हाला मिळत नाही. थांबा. इत्सेलला बोलवा."

इत्सेल म्हणजे वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर. वय पंचवीसच्या आतबाहेर, गळ्यात मास्क. तिने बाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मी नाकं करत नाही. दात करते."

"मेण तर तुझ्याकडे आहे ना?" डॉक्टर म्हणाला. "कवळीच्या मापाचं?"

"ते गुलाबी असतं."

"बाळही गुलाबी आहे," ड्रायव्हर म्हणाला.

तिने दातांच्या खुर्चीत बाळाला बसवलं. वरचा दिवा लावणार, तोच मी तिचा हात धरला. "तेवढा लांब ठेव, पोरी!" मग छोटी पळी तापवून, पातळ सुरीने तिने काम सुरू केलं. बाराच्या बारा जण खुर्चीभोवती. चौकात उतरणारासुद्धा गेला नव्हता.

"जरा वर."

"टोक थोडं कमी. बाळ आहे, नोटरी नाही."

"डावीकडून बघा. हं! आता कसं!"

"सगळे गप्प बसा, नाहीतर मी याला मिश्या काढीन!" इत्सेल म्हणाली.

तासाभरात नाक उभं राहिलं. छान, छोटं, किंचित वर वळलेलं. गालही जागेवर आला. मला रडू आलं. मी त्या मुलीचे दोन्ही हात कपाळाला लावले. ड्रायव्हरने आम्हाला परत चोलुलाला सोडलं आणि सगळ्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, आम्ही काही पाहिलं नाही. बारा माणसांनी गुपित ठेवायचं ठरवलं, म्हणजे किती वेळ टिकतं हे मला माहीत आहे. मला फक्त उद्या दहापर्यंत पुरायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पांढरा झगा घालून, सोनेरी गोंडा लावून मी बाळयेशूला डोन्या तोमासांच्या हातात दिलं. चर्चमध्ये अर्धं गाव, प्रत्येकाच्या कुशीत एक बाळ, हातात मेणबत्ती. मेणबत्ती त्यांनी बाळाजवळ नेली की मी बाकावरून अर्धी उठायची. पाद्रीबाबांनी तीर्थ शिंपडलं. त्यांचं लक्ष गेलं नाही. सूनबाईंचं गेलं नाही. मिस्सा संपली. मी एवढा मोठा श्वास सोडला की पुढच्या बाकावरची मेणबत्ती विझली.

बाहेर अंगणात डोन्या तोमासांनी माझं कोपर धरलं आणि मला बाजूला नेलं. बाळाच्या चेहऱ्याजवळ वाकल्या. वास घेतला.

"लवंग."

मी खाली बघितलं. दातांच्या दवाखान्याचा वास! सगळं सांगून टाकलं. दिवा, घंटा, कोम्बी, चार बोटं, सगळं. "माझ्या हातून टाका चुकला, डोन्या तोमासा. जी शिक्षा द्याल ती..."

त्या ओठ घट्ट मिटून ऐकत होत्या. मला वाटलं, आता रडतील. त्या हसू दाबत होत्या! इकडेतिकडे बघून त्यांनी बाळाची टोपी जराशी वर केली.

"डावा कान बघ."

बघितला. कान म्हणावा तर कान, नाहीतर चिकटवलेला वाटाणा.

"मी केलाय. लग्न होऊन तीन महिने झाले होते. पुसायला म्हणून चुलीजवळ ठेवला आणि दूध उतू गेलं तिकडे धावले. सासू गेली, तिला कळलं नाही. नवरा गेला, त्याला कळलं नाही. एक्केचाळीस वर्षं मी याला टोपी घालतेय, एर्मिनिया! कोणाला तरी सांगायला जीव तडफडत होता." त्यांनी माझा गाल थोपटला. "तुझं नाक माझ्या कानापेक्षा शंभर पटीने बरं झालंय."

"म्हणजे तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावू कशाला? आता आपण दोघी एका नावेत. पण शब्द दे. बाळ वितळलेलं माझ्या सुनेला कधी दिसता कामा नये. तोंडी कोणी काही सांगितलं तर मी म्हणेन, लोक काय, बोलतात. डोळ्यांनी बघितलं तर मात्र मेले! ती कानापर्यंत पोचेल."

"शब्द दिला," मी म्हणाले. दिसणार कसं? नाक तर जागेवर होतं! इतकं हलकं मला वर्षानुवर्षं वाटलं नव्हतं. मग त्यांच्या घरच्या अंगणात बसून मी हिरव्या चटणीचे तीन तामाले खाल्ले. चौथा उचलला, तोच फाबियान सर कॅमेरा उराशी धरून पळत आले. मागे नाबोरभाऊ, हॅट हातात.

"एर्मिनियाबाई! तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय, सर?"

"नाबोरभाऊ कॅमेरा बंद करायला विसरले!"

त्यांनी छोटा पडदा माझ्यापुढे धरला. मी पाहिलं. चौकट अगदी बरोबर. उजेड डावीकडून, मऊ, सोनेरी. हनुवटीखाली सावलीचा ठिपका नाही. लांबून घंटा ऐकू येत होती. आणि बाळाच्या डोळ्याखालून मेणाचा एक थेंब निघाला, गालावरून सावकाश ओघळला, जणू बाळ आपल्यासाठी रडतंय. सहा महिन्यांत सरांनी शिकवलेलं सगळंच्या सगळं त्यात होतं, आणि ते होत असताना आम्ही दोघं डोळे मिटून बसलो होतो!

"साडेतीन मिनिटं!" सरांचा आवाज फाटला. "परवा परीक्षक बघतील आणि उभे राहतील! शनिवारी केंद्रात सगळ्या गावाला दाखवू! डोन्या तोमासांच्या घरच्यांना पहिल्या रांगेत बसवू!"

पलीकडे सूनबाई पाहुण्यांना गरम चॉकलेटचे कप देत होत्या. डोन्या तोमासांनी माझ्याकडे बघितलं.  बाळाची टोपी तेवढी नीट केली.

मी तामाले ताटलीत ठेवला, हात पुसले.

"सर, केंद्राची किल्ली द्याल? आणि तो कॅमेराही."

"आत्ता? सणाच्या दिवशी? कशाला?"

"फिल्म कापायला बसते."

"विद्यार्थिनी असावी तर अशी!" सर नाबोरभाऊंना म्हणाले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मी कॅमेरा पिशवीत घातला, शाल डोक्यावरून घेतली आणि केंद्राच्या रस्त्याला लागले. पाच मिनिटांच्या फिल्ममधून साडेतीन मिनिटं गेली की उरतं काय, याचा हिशोब मी वाटेत केला. एक सुई, एक गोंडा, आणि फुंकर मारणाऱ्या नाबोरभाऊंची पाठ.