दाक्षायणीची खातेबदली

मंद्रूपच्या दाक्षायणीने नृत्य सोडून कुस्तीत जायचं ठरवलं, तेव्हा अशा बदलीची तरतूद कुठल्याच नियमात नसल्याचं निदर्शनास आलं. शिपायाला कारकून होता येतं, कारकुनाला दीर्घ आजारी होता येतं. पण नर्तकीला पैलवान होता येतं का, याबाबत शासनाने आजवर मौन पाळलं होतं.

त्याआधी सगळं सुरळीत होतं. दाक्षायणी सोलापूरच्या एका नाचाच्या पार्टीत काम करायची. पोस्टरवर तिचं नाव 'पायल' असायचं, कारण दाक्षायणी या नावावर शिट्ट्या पडत नाहीत, असं मालकाचं अनुभवसिद्ध मत होतं. एका जत्रेत ती रंगात आली असताना एक धिप्पाड गडी स्टेजवर चढला आणि त्याने तिचा हात धरला. तिने ठेका न सोडता गिरकी घेतली, त्याला कमरेवर घेतलं आणि खाली ठेवून दिलं. 'ठेवून दिलं' हा तिचा शब्द. तो गडी तालुक्याचा माजी विजेता होता, हे त्याला दवाखान्यात नेणाऱ्यांनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तालमीचे वस्ताद धोंडप्पा तिच्या दारात उभे.

"पोरी, काल त्या गड्याला कमरेवर घेतलंस, ते कुणी शिकवलं?"

"तुमी तितं होता व्हय?"

"मी न्हवतो," धोंडप्पा गंभीरपणे म्हणाले. "पर तुजा डावा पाय जरा लांब पडला. तालमीत ये."

चुलीपाशी बसलेल्या आईने मान वर केली. "कुस्तीतबी लोक बघणारच की. मग नाचात काय वाईट होतं?"

"नाचात बघणाऱ्याचं काय जात न्हाय, अव्वा," दाक्षायणी म्हणाली. "कुस्तीत समोरचीची नजर चुकली, की तिची पाठ टेकती."

अव्वाने यावर भाकरी उलटली. त्या घरात संमती अशीच दिली जायची.

पुढचं दीड वर्ष तिने तालमीत घालवलं. पायांना काही शिकवावं लागलं नाही. मानेला आणि खांद्यांना मात्र पहिल्यापासून सुरुवात होती. रोज संध्याकाळी ती लंगडत, कण्हत, कानात माती घेऊन घरी यायची आणि विनाकारण हसत सुटायची. इतक्या वर्षांत नाचून आल्यावर तिला असं हसताना अव्वाने पाहिलं नव्हतं.

मग शहराजवळच्या एका यात्रेत महिलांची कुस्ती जाहीर झाली. दाक्षायणी नाव द्यायला गेली. कमिटीचे अध्यक्ष बाळासो यांनी तिला उभंच ठेवलं.

"आखाडा पवित्र जागा हाय, बाई. नाच सोडल्याचा सरकारी दाखला आणा. चारित्र्याचा प्रश्न येतो."

"दर साली मला नाचायला तुमीच बोलावता. पहिल्या रांगेत बसता."

"ते मनोरंजन उपसमितीत," बाळासो म्हणाले. "आत्ता मी क्रीडा उपसमितीत बसलोय."

दाखल्यासाठी ती सरकारी कचेरीत गेली. तिथल्या सिद्धलिंगप्पा कारकुनांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दाखला मिळंल की. पण कलावंत म्हणून तुमची नोंदच नाही. जे नोंदलंच नाही, ते सोडणार कसं? आधी नोंद करा."

"नोंद कशी हुती?"

"नाचून दाखवायचं."

अशा रीतीने नाच सोडण्यासाठी दाक्षायणी कचेरीच्या सभागृहात नाचली. परीक्षण मंडळासोबत पाटबंधारे आणि पशुसंवर्धन या खात्यांचे कर्मचारी निरीक्षक म्हणून स्वयंस्फूर्तीने हजर होते. ठेका बारकाईने तपासणं आवश्यक असल्याने साहेबांनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. शेरा पडला: अत्युत्कृष्ट.

मग तिचा नाच सोडण्याचा अर्ज त्याच साहेबांपुढे गेला. इतक्या अत्युत्कृष्ट कलावंताने कला सोडल्यास राज्याच्या संस्कृतीची अपरिमित हानी होईल, सबब विनंती अमान्य, असं त्यांनी लिहिलं. शिवाय नोंदणीकृत कलावंताने हातपाय मोडतील असं काही पूर्वपरवानगीशिवाय करू नये, अशी समजही दिली.

बाळासोंनी तातडीची बैठक घेऊन मार्ग काढला. कुस्तीसोबत एक नाच ठेवायचा. म्हणजे सगळा प्रकार सांस्कृतिक कार्यक्रमात मोडतो आणि दाखल्याची गरजच उरत नाही. चारित्र्याचं काय झालं, हा विषय वेळेअभावी पुढच्या बैठकीवर गेला.

"नाचीन," दाक्षायणी म्हणाली, "पण कुस्ती झाल्यावर."

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

कुस्तीच्या दिवशी मैदान फुलून गेलं होतं. तिच्यासमोर वैरागची अपेक्षा नावाची पैलवान होती, खांबासारख्या मानेची. निवेदक 'पायल, पायल' करत घसा कोरडा करत होता. अपेक्षाने पहिल्याच झटापटीत तिला कडेपर्यंत रेटत नेलं, दुसऱ्या वेळी गुडघ्यावर आणलं. दाक्षायणीच्या तोंडात माती गेली. दीड वर्ष फुकट जातंय असं वाटलं. तेवढ्यात हलगीवाल्याने सवयीने नाचाचा ठेका धरला. तिचं अंग आपोआप फिरलं, या वेळी डावा पाय जवळ राहिला आणि अपेक्षा तिच्या कमरेवरून जाऊन पाठीवर पडली.

पडल्या पडल्याच अपेक्षा हसली. "ही गिरकी कुटं शिकलीस गं?"

"इस्टेजवर."

"मलाबी शिकव की."

दाक्षायणीने तिला हात देऊन उठवलं. तोवर मैदानातून एकच गलका सुरू झाला होता: नाच, नाच. तिने निवेदकाकडून माईक घेतला.

"ठरल्याप्रमाणं नाच होणार. पण जोडीनं. ज्यांना बघायचाय त्यांनी एकेक करून आत यावं. मी कमरेवर घेते."

गलका करणारे दोन पावलं मागे सरकले. पुढच्या रांगेतल्या बाळासोंना अचानक फोन आला. तो वाजला नव्हता, तरी बोलत बोलत ते मैदानाबाहेर गेले.

आता दाक्षायणी वेळापूरपर्यंतची मैदानं मारते, आणि पोस्टरवर दाक्षायणी याच नावाने. कचेरीच्या दृष्टीने ती अजून नर्तकीच आहे. अपेक्षासोबतची ती संपूर्ण कुस्ती मोबाईलवर बघायला मिळते. दाक्षायणीचं नाव लिहायला घेतलं, की खाली दोन पर्याय येतात: एक कुस्ती, दुसरा डान्स. हे वाचून झालं की तुम्हीही शोधणारच आहात. आजूबाजूला कुणी नाही ना, तेवढं बघा आणि मग बोट कुठल्या पर्यायावर जातं, तेही बघा.