शिवगण मॅडमचे सुटे भाग

शिवगण मॅडमपुढे डबा सरकवला की पहिला प्रश्न यायचा, "चिठ्ठी कुठाय?" आत काय, कधी केलं, कशाशी खायचं, हे बाहेरून कळायला हवं. एकदा मी चिठ्ठीशिवाय ओल्या काजूंची उसळ नेली. "बेवारशी वस्तू मी उघडत नाही," म्हणाल्या आणि खरंच उघडली नाही. ओले काजू! रत्नागिरीत राहून!

माळनाक्यावरच्या आमच्या छोट्या ऑफिसात त्या सगळ्यांत जुन्या प्रोग्रामर. एका इस्पितळाचं सॉफ्टवेअर आम्ही करत होतो. कंपाइल झालेला सगळा कोड एकाच गठ्ठ्यात बांधायला मॅडम तयार होईनात. नोंदणी, औषधं, बिलं, प्रत्येकाचं पॅकेज वेगळं. आणि त्यातच त्याची माहिती: नाव काय, आवृत्ती कितवी, कोणावाचून अडतं.

"मॅडम, सोमवारी चालू करायचंय. बांधा एकच मोट!" साहेब वैतागले.

"एकाला ताप आला म्हणून घर झोपवायचं नाही," मॅडम म्हणाल्या, आणि पाठ फिरवून कामाला लागल्या. पुढचे दिवस साहेब चिडत राहिले, मॅडम भाग पाडत राहिल्या.

सोमवारी इस्पितळात औषधांचा भाग अडकला. बाहेर ही रांग! मॅडमनी तेवढाच भाग काढला, दुरुस्त केलेला बसवला. नोंदणी क्षणभरही थांबली नाही. साहेबांनी स्वतः चहा आणून दिला.

पण मॅडमचं लक्ष बाकावरच्या एका आजींकडे होतं. स्पीकरवरून "क्रमांक एकोणचाळीस, कक्ष दोन" असं तीनदा झालं, तरी हातात एकोणचाळीसचा कागद धरून आजी तशाच बसलेल्या. मॅडम जिन्याखाली गेल्या, मोबाइलवर काहीतरी बोलल्या, परत येऊन नंबर पुकारण्याचा भाग बदलला.

स्पीकरवर त्यांचाच, मोबाइलवर नुकताच रेकॉर्ड केलेला आवाज आला, "एकोणचाळीस नंबरवाले, दोन नंबरच्या खोलीत येवा. सावकास येवा, घाई नाय."

मी बघतच राहिलो. इतकी वर्षं त्यांच्या तोंडून गावची बोली कधी ऐकली नव्हती.

"आई अशीच बसून राहिली होती," त्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. "पुकारलेलं तिला कळलंच नाही. दवाखाना बंद झाल्यावर घरी परत गेली. मी तेव्हा पुण्यात होते."

आजी उठल्या होत्या. स्पीकरकडे बघून म्हणाल्या, "येतंय गो बाय, येतंय."

मॅडम झटकन उठल्या आणि त्यांचा हात धरायला गेल्या.